दोन नंबर आणि एक उत्तर

आमच्या वस्तीत लग्न असलं की लोक आधी नवरीकडे बघतात आणि मग मोतीरामकाकांकडे. काकांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून प्रत्येक लग्नात ते एकच चेहरा घेऊन येतात: अर्धं हसू, मान किंचित तिरकी, हात पाठीमागे. वरणभात वाढला तरी तोच चेहरा, जिलेबी वाढली तरी तोच. मी त्यांना निदान पन्नास-साठ लग्नांत पाहिलं असेल. एकाही लग्नात तो चेहरा केसभर हललेला मला आठवत नाही.

लोक त्यांच्याकडे का बघतात, तर त्या नवरा-नवरीबद्दल त्यांच्या आईबापांनाही माहीत नसलेली एक गोष्ट काकांना माहीत असते.

काका आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. जबलपुरात मदन महल स्टेशनच्या अलीकडे, आमच्यापासून चार घरं सोडून राहतात. सगळी नोकरी त्यांनी एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून केली. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी दर रविवारी सकाळी दोन तास तिथे जाऊन बसायचे. कशासाठी, तर सिकलसेलसाठी. विदर्भातून इकडे आलेल्या आपल्या कितीतरी घरांत हा आजार रक्तातून चालत आलेला आहे, आसपासच्या आदिवासी गावांतही आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसांत अडकतात. ज्याला फक्त आई किंवा फक्त बापाकडून हा दोष आला, त्याला आयुष्यभर काही होत नाही, तो धडधाकट असतो. पण असे दोन धडधाकट एकमेकांशी लग्न करून बसले, तर त्यांच्या प्रत्येक लेकरामागे चारात एक भीती असते की ते लेकरू आजारीच जन्मेल. हाडं दुखतात म्हणून रात्रंदिवस रडणारं, सारखं रक्त चढवावं लागणारं लेकरू.

म्हणजे लग्नाआधी विचारायला हवं. आणि विचारायचीच तर सगळ्यांना भीती. "पोरीच्या रक्तात खोट आहे" हे एकदा कोणाच्या तोंडून निघालं, की त्या पोरीचं आणि तिच्या बहिणींचंही कठीण होऊन बसतं. पोराच्या रक्तात खोट असली तर लोक जरा हळू बोलतात, एवढाच फरक.

यावर काकांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी एक रीत काढली. तपासलेल्या प्रत्येक माणसाला एक नंबर. नंबराची चिठ्ठी त्याच्या घरी. काकांकडे दोन वह्या. एकीत नाव आणि नंबर, ती त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत. दुसरीत नंबर आणि निकाल, ती दवाखान्याच्या कपाटात. या दोन वह्या कधीही एका टेबलावर आल्या नाहीत. लग्न ठरायच्या बेतात आलं की दोन्हीकडचे लोक दोन चिठ्ठ्या घेऊन रविवारी दवाखान्यात जात. काका दोन्ही नंबर वहीत बघत आणि दोनातलं एकच वाक्य बोलत. "काही अडचण नाई, चहा घ्या." किंवा, "पुढच्या रविवारी दोघंच या, मोठे कोणी नको."

बस. दोघांतही दोष नसला तरी "चहा घ्या". पोरात असून पोरीत नसला तरी "चहा घ्या". पोरीत असून पोरात नसला तरी "चहा घ्या". दोघांत असला तरच दुसरं वाक्य. त्यामुळे चहा पिऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला समोरच्या घराबद्दल काही बोलायला जागाच उरत नसे.

मी नीलिमा. मी बंगळूरच्या एका कंपनीसाठी घरून प्रोग्राम लिहिते. आईच्या मते मी दिवसभर टायपिंग करते. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, की दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच उत्तर खरं, नाहीतर खोटं. फळ्यावर त्याचं कोष्टक काढायचे आणि आम्ही जांभया द्यायचो. तेच कोष्टक आमच्या वस्तीत एक माणूस बिनबोभाट चालवत होता आणि त्यातून दोन हजारांवर माणसांची अब्रू सांभाळत होता, हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं. इतकं सोपं आणि इतकं पक्कं मी माझ्या नोकरीत काहीही बनवलेलं नाही.

मला हे कळायचं कारण असं, की गेल्या हिवाळ्यात तो दवाखाना बंद व्हायचं ठरलं. जानेवारीअखेर कपाट रिकामं करून द्यायचं होतं. म्हणजे दुसरी वही घरी आणणं आलं, आणि दोन्ही वह्या एका छपराखाली येणं आलं. त्यात काकांच्या डोळ्यांत काचबिंदू. डाव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही, उजवा भिंग घेऊन चालतो. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की आहे तेवढं टिकलं तरी नशीब.

एका शनिवारी सकाळी ते आमच्याकडे आले. आई अंगणात मटार सोलत होती, तिच्या पाटीतले चार दाणे तोंडात टाकून ते माझ्या खोलीत आले.

"बेटा, एक मशीन करून देशीन काय? दोन नंबर टाकले का एक उत्तर. नाव नाई, गाव नाई. मले दिसणं बंद झालं तरी कोणी दुसरा बसून चालवू शकीन, अन त्याले आतलं काही दिसणार नाई, असं."

"काका, हे तर दोन दिवसांचं काम आहे," मी म्हणाले. माझा हा स्वभाव आहे. सगळं मला दोन दिवसांचं वाटतं.

"दोन दिवस लागो की दोन महिने. एक नाव फुटता कामा नाई."

मग त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. पस्तीस-एक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी तपासणी करणाऱ्या माणसानं पानठेल्यावर एका पोरीचं नाव घेतलं. एकदाच. तिचं ठरलेलं मोडलं. आणि त्यानंतर तीन वर्षं काकांच्या दवाखान्याची पायरी कोणी चढलं नाही. चूक त्यांची नसताना. त्या तीन वर्षांत न विचारता लग्नं झाली आणि त्या लग्नांतून चार लेकरं आजारी जन्मली.

"त्यातली दोन आता नाईत," काका म्हणाले. त्यांनी त्या चारही लेकरांचे नंबर घडाघडा सांगितले. नावं नाही सांगितली.

तर काम सुरू झालं. खरी वही अजून कपाटातच होती. आधी खोट्या माहितीवर प्रोग्राम चालवून बघायचा, मग खरी भरायची, असं ठरलं. आणि इथे मी ती चूक केली, जी बंगळूरच्या माझ्या सोबत्यांनी केली नसती. ते अ, ब, क लिहितील. आपल्याकडे घराला पत्ता नसतो, ओळख असते: तुमसरवाले, पवनीवाले, टेलरवाले, चक्कीवाले. मला वीस-पंचवीस बनावट घरं हवी होती, म्हणून मी डोळे मिटून वस्तीतली आणि आसपासची ओळखीचीच घरं घेतली. निकाल मनानं ठोकून दिले. याला दोष आहे, त्याला नाही. प्रत्येक घराची एक फाइल, फाइलला घराचं नाव. "दोघांत दोष" हे तपासायला जी फाइल केली, तिला नाव दिलं बेबीताई चक्कीवाल्यांचं. कारण काय? तर त्याच सकाळी गोरखपूर मोहल्ल्यातल्या त्यांच्या चक्कीवरून कणीक दळून आणली होती. त्या फाइलच्या नावातच मी लिहून ठेवलं, 'दोघेही'. आणि सगळ्या फाइली ज्या फोल्डरमध्ये, त्याचं नाव 'सिकलसेल'.

(बेबीताई हे त्यांचं खरं नाव नाही. मी हा मजकूर त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनीच ते निवडलं. जबलपुरात शंभर तरी बेबीताई निघतील म्हणाल्या. त्यांचा जो धंदा आहे तो चक्कीचाही नाही. त्यांच्या मुलीचं प्रणोती हे नावही मुलीनं निवडलेलं. काकांचं नाव मात्र खरं आहे, ते लपवून उपयोग नाही.)

पुढच्या शनिवारी काका काम बघायला बसले. मी स्क्रीनवर अक्षरं मोठी करून दिली होती. पण ते स्क्रीनकडे बघतच नव्हते. ते बघत होते कोपऱ्यातल्या नेटच्या डब्याकडे.

"हा हिरवा दिवा काहून लुकलुकून राहिला?"

"नेटचा आहे काका. काहीतरी जात-येत असेल."

"काय जाऊन राहिलं? आपण तर काहीच पाठवलं नाई."

मी समजावलं. मी ज्यात प्रोग्राम लिहिते तो एडिटर आपल्या बनवणाऱ्यांना मधून मधून कळवत असतो. कोणतं बटण दाबलं, काय किती वेळ उघडं होतं, कुठे अडलं. त्यावरून ते सुधारणा करतात. लपूनछपून नाही, उघड सांगून करतात, सगळ्यांचंच जातं, बसवताना आपण कबूल केलेलं असतं.

"कोणी कबूल केलं?"

"मी."

"वाचून?"

मी स्क्रीनवरची अक्षरं आणखी थोडी मोठी केली.

"नाव जाते काय त्याच्यात?"

"नाही हो. नाव-बिव काढून टाकतात. तसं म्हणतात ते."

"अच्छा," काका म्हणाले. त्यांचा तो 'अच्छा' मला तेव्हा कळला नाही. आता मी त्याला घाबरते.

म्हटलं, चलो, बंद करून टाकू, म्हाताऱ्याचं समाधान. सेटिंग उघडली. चार पर्याय होते: सगळं पाठवा, फक्त चुका पाठवा, फक्त बंद पडल्याचं पाठवा, काहीच पाठवू नका. सहा वर्षं हा लॅपटॉप माझ्या मांडीवर आहे आणि सहा वर्षं तिथे 'सगळं' होतं. मी 'काहीच नाही' निवडलं. दोन सेकंदांचं काम.

"झालं."

"झालं कशावरून?"

"लिहिलंय ना काका, काहीच पाठवणार नाही म्हणून."

"बाटलीवर जे लिहिलं असते तेच बाटलीत असते काय? कंट्रोल लाव."

कंट्रोल म्हणजे काय ते त्यांनी मला सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाजच बदलला. दवाखान्यात रोज सकाळी कोणाचंही रक्त तपासण्याआधी ते दोन नमुने लावत. एक असा, ज्यात दोष आहे हे आधीच पक्कं माहीत आहे. दुसरा असा, ज्यात नाही हे पक्कं माहीत आहे. दोन्हींची उत्तरं बरोबर आली, तरच त्या दिवशीच्या माणसांना हात लावायचा. नाही आली, तर औषध ओतून द्यायचं आणि नवं करायचं, बाहेर कितीही रांग असो. एकही सकाळ त्यांनी हे चुकवलं नाही.

तसं आम्ही केलं. एडिटर बाहेर काय पाठवतो त्याची नोंद बघायची एक खिडकी असते. आहे हे मला माहीत होतं, उघडली कधी नव्हती. आधी पुन्हा 'सगळं' चालू केलं. आईनं चहा आणला. मी काही लिहिलं नाही, स्क्रीनवर एकदा वर गेले, एकदा खाली आले, दोन फाइली उघडल्या आणि मिटल्या. चहा संपला तेव्हा खिडकीत एकेचाळीस ओळी आल्या होत्या. मी कुठल्या क्षणी काय उघडलं, किती वेळ थांबले, सगळं वेळेसकट. मी ते बघत राहिले. माझ्याच हातांची इतकी बारीक हजेरी लागत असते, सहा वर्षं लागत आली आहे, हे बघून मला भीती वाटली नाही, खरं सांगायचं तर मला नवल वाटलं. एवढं लक्ष माझ्याकडे माझ्या आईचंही नाही.

मग 'काहीच नाही' केलं. पुन्हा तोच वर-खाली खेळ. ओळी थांबल्या.

"बघा!" मी म्हणाले.

काकांनी दिव्याकडे बोट दाखवलं. दिवा लुकलुकतच होता.

आता मलाही चेव आला. एडिटरला मी वेळोवेळी लहान लहान जोडण्या, म्हणजे जास्तीची कामं करणारे छोटे प्रोग्राम, लावलेल्या होत्या, एकूण एकोणीस. काकांनी प्रत्येकीपुढे मला थांबवलं.

"हे कशाले?"

"रंग बदलायला."

"अन हे?"

"माहीत नाही."

"घरात आणून बसवलं अन माहीत नाई?"

एकोणीसपैकी तिघींचं स्वतःचं वेगळं बटण होतं, ते वेगळं बंद करावं लागलं. आणि एक होती, फाइलींच्या नावांपुढे चित्रं लावणारी, कोणा एकट्या माणसानं हौसेनं बनवलेली. ती मोठ्या बटणाला जुमानतच नव्हती. कुठे अडली की सरळ आपल्या मालकाला कळवायची. तिचा मागचा हिशोब उघडला. बहुतेक निरर्थक आकडे होते. मंगळवारी सकाळी अकरा वाजून चौदा मिनिटांनी ती एका फाइलवर अडली होती. आणि त्या फाइलचं नाव, फोल्डरसकट, अख्खंच्या अख्खं तिनं पाठवलं होतं.

सिकलसेल. बेबीताई चक्कीवाले. दोघेही.

काकांना ती ओळ दिसणार नाही असं क्षणभर वाटलं, आणि क्षणभर मी ते मनात धरूनही ठेवलं. मग मी ती वाचून दाखवली.

आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मी ठोकून दिलेलं खरं होतं की खोटं, हे जगात ज्यांना माहीत होतं त्यांत एक काका होते. ते माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते, खिडकीतून ऊन त्यांच्या तोंडावर पडलं होतं. भुवई हलली नाही. श्वास बदलला नाही. मला काहीही कळलं नाही. असा माणूस मी पाहिलेला नाही.

"कुठं गेलं?"

"त्या जोडणीवाल्याकडे. कुठल्या देशात ते माहीत नाही. काका, कोणी वाचणार नाही, खरंच. अशा लाखो ओळी रोज येतात, मशीन मोजतं आणि टाकून देतं. आणि निकाल तर मी मनानंच लिहिला होता."

"निकाल खोटा, पण नाव खरं आहे न?"

ते उठले आणि चपला शोधू लागले.

"कुठे?"

"गोरखपूर. चल."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढतं?"

ई-रिक्षात मी सगळा वेळ त्यांची समजूत घालत होते. आपण नाही सांगितलं तर बेबीताईंना आयुष्यात कधी कळणार नाही. सांगून त्यांना उगाच घोर. त्यात प्रणोतीला यंदा स्थळं बघणार आहेत, त्यांनी आपल्याकडे यायचंच बंद केलं तर? वस्तीत बोलल्या तर? पुन्हा तीन वर्षं कोणी आलं नाही तर? मला वाटलं ही शेवटची गोष्ट तरी त्यांना थांबवेल. तेच तर त्यांचं सगळ्यात मोठं भय होतं.

"येणार नाईत कदाचित," काका म्हणाले. "पण मी त्याईले म्हटलं होतं का माह्याकडून बाहेर जाणार नाई. अन ते गेलं." रस्ताभर रिक्षाचा दांडा धरून सरळ बसून होते, रिक्षा सिग्नलला थांबली तरी दांडा सोडत नव्हते. तेव्हा मला कळलं की ते घाबरलेले आहेत.

बेबीताईंची चक्की चालू होती. आम्हाला बघून त्या हसल्या. "जय भीम काका! बसा न." काका बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. काय चूक झाली, कशी झाली, काय बाहेर गेलं, कुठे गेलं ते माहीत नाही. सबबी सांगितल्या नाहीत. माझं नाव घेतलं नाही; "माह्या कामात" असं म्हणाले.

बेबीताईंनी आधी चक्की बंद केली. मग दार लोटून घेतलं. त्यांच्या हातांना कोपरापर्यंत पीठ होतं.

"तुमी सांगितलं हिले?"

"नाई. हिनं मनानं लिहिलं. खरं काय ते हिले माहीत नाई, अन होणार नाई."

त्या प्रश्नातून काही अर्थ निघतो का, हे मी शोधायला लागले होते. तिथेच, त्यांच्यासमोर उभी राहून. माझी मलाच लाज वाटली.

बेबीताई माझ्याकडे वळल्या. "तुहा नंबर आहे काय ग काकांकडं?"

"आहे. आईनं लहानपणी तपासून घेतलं होतं."

"मग त्या फायलीले तुह्या घराचं नाव काहून नाई देलं?"

पंचवीस घरं घेतली होती मी. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर घेतलं होतं. आमचं घेतलं नव्हतं, आणि घेतलं नाही हे मला त्या क्षणापर्यंत दिसलंही नव्हतं. डोळे भरून आले. मी "चुकलं माझं, ताई" एवढंच म्हणाले. त्यांनी मला रडू दिलं, समजूत घातली नाही.

"तुमी म्हणशान तर तुमच्या घरचे सगळे नंबर खोडून टाकतो," काका म्हणाले. "तुमच्यासमोर खोडीन."

बेबीताई बराच वेळ पदराला हात पुसत राहिल्या. पीठ काही निघत नव्हतं.

"खोडू नका," त्या म्हणाल्या. "आमच्याशी चुकले असे लई जण आहेत, काका. घरी येऊन सांगणारे तुमीच पहिले. प्रणोतीची चिठ्ठी मी तुमच्याकडं आणीन का नाई, याचा माह्या मनात घोळच होता. आता आणीन."

काका "बरं" म्हणाले आणि मग बसले. पाणी मागितलं. पिताना अर्धं सदऱ्यावर सांडलं.

त्या जोडणीवाल्याला मी त्याच दिवशी लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, भला माणूस होता: माफ करा, ती ओळ पुसली आहे, पुढे फाइलींची नावं जाणार नाहीत असा बदल करतो. मी आनंदानं काकांना सांगितलं. "पुसली कशावरून?" त्यांनी विचारलं. इथे मात्र कंट्रोल लावायची सोय नव्हती, आणि ते त्यांना आजतागायत खुपतं. ती एक ओळ त्यांनी पेटीतल्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवली आहे, तारखेसकट, 'माझी चूक' असं वर लिहून. माझी चूक माझ्या नावानं लिहा म्हणून मी भांडले. त्यांनी ऐकलं नाही.

प्रोग्राम मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला. बनावट घरं सगळी पुसली, त्यांच्या जागी अ, ब, क. तयार झाल्यावर तो एका जुन्या लॅपटॉपवर टाकला आणि त्यातला नेटचा तुकडाच काढून काकांच्या हातात दिला. सहा रविवार आम्ही खरी वही भरली. काका भिंगातून वाचायचे, मी लिहायचे. नुसते नंबर. दोन हजार तीनशे सोळा. दर रविवारी काम सुरू करण्याआधी दोन माहीत असलेले नमुने टाकून उत्तर बरोबर येतं का बघायचो, मग पुढे जायचो. कधी मध्येच काका वाचताना थांबायचे, भिंग खाली ठेवायचे, बाहेर अंगणाकडे बघायचे. मी विचारायची नाही. मग ते पुढचा नंबर वाचायचे.

त्यात माझाही नंबर कधीतरी माझ्याच बोटांखालून गेला असेल. मला तो पाठ नव्हता. चिठ्ठी आईच्या कपाटात, आणि मी ती कधी मागितली नव्हती. वही भरून झाली त्या संध्याकाळी मी आईकडून ती मागून घेतली आणि काकांना म्हणाले, "मला माझं सांगा."

"उद्या ये. एकटी ये."

मी एकटी गेले. काकांनी दार लोटलं, चिठ्ठी घेतली, भिंगानं बघितली. लॅपटॉप उघडायची त्यांना गरज पडली नाही. सांगायला अर्धं मिनिट लागलं. मग त्याचा अर्थ काय आणि अर्थ काय नाही, हे त्यांनी नीट समजावलं, मी विचारलेलं सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं. निघताना म्हणाले, "हे आता तुहं आहे. कोणाले सांगायचं, नाई सांगायचं, तू ठरव."

घरी आले. आईनं मटाराच्या पाटीतून मान वर केली. "काय म्हणाले ग?"

मी तिच्या शेजारी बसले, मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि म्हणाले, "बसलो होतो गप्पा मारत."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी शेंगा सोलत राहिले. चेहरा सरळ ठेवायला किती जोर लागतो, ते मला त्या दिवशी कळलं. चार घरांचं अंतर चालून आले होते, एकाच माणसाची गोष्ट जवळ होती, तीही माझीच, आणि तेवढ्यानं मी थकून गेले होते. काका अशा दोन हजार तीनशे सोळा घेऊन रोज सकाळी दूध आणायला जातात.